रुग्णालयातील जंतुसंसर्ग : प्रतिबंधाची जबाबदारी

माणूस रुग्णालयात जातो तो बरा होण्यासाठी. परंतु ज्या व्याधीसाठी तो दाखल झाला, तिच्यातून उठत असतानाच दुसरा एखादा आजार त्याला त्याच खाटेवर गाठतो, असेही घडते. दाखल होताना शरीरात नसलेला व साधारणपणे अठ्ठेचाळीस तासांनंतर प्रकट होणारा असा जंतुसंसर्ग रुग्णालयजन्य मानला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार रुग्णालयात दाखल होणाऱ्या दर शंभर रुग्णांपैकी श्रीमंत देशांत सुमारे ७, तर अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत सुमारे १५ जणांना असा संसर्ग होतो. बाधितांपैकी सरासरी दहांत एक दगावतो. यातील पुष्कळसे मृत्यू टाळता येण्याजोगे असतात.

जुना धडा

हे टाळता येते, याचा पुरावा जुना आहे. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. सुइणींच्या विभागापेक्षा डॉक्टर व विद्यार्थी यांच्या विभागात सूतिकाज्वराने कितीतरी अधिक स्त्रिया मरत. डॉक्टर मंडळी शवविच्छेदन आटोपून तशाच हातांनी प्रसूतीकक्षात येत, हे कारण इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ साली हेरले. क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती त्यांनी केली. त्या वर्षी एप्रिलमध्ये शेकडा १८ असलेले मृत्यूचे प्रमाण जूनमध्ये शेकडा २ वर आले. तरीही रोग आपल्याच हातांनी पसरतो, हे मान्य करणे अनेक सहकाऱ्यांना जड गेले. ही अडचण आजही पूर्णपणे संपलेली नाही.

आंतररुग्णांचा वैद्य

केवळ दाखल रुग्णांचीच देखभाल करणाऱ्या डॉक्टरांसाठी अमेरिकेत १९९६ साली 'हॉस्पिटॅलिस्ट' ही संज्ञा रूढ झाली. असा डॉक्टर दिवसभर कक्षाच्या आसपास असतो. परिचारिका, औषधनिर्माता व प्रयोगशाळा यांच्याशी त्याचा सतत संबंध राहतो. रुग्णाच्या प्रकृतीतील बदल त्याच्या लवकर ध्यानी येतो. आपल्याकडे हे काम बहुतांशी निवासी डॉक्टर व वैद्यकीय अधिकारी करतात. संज्ञा कोणतीही असो, रोजच्या फेरीत त्यांनी काही साधे प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. लघवीची नळी आजही आवश्यक आहे काय? शिरेतील नळी काढता येईल काय? प्रतिजैविक औषध चालू ठेवण्याचे कारण उरले आहे काय?

नळी शरीरात जितके दिवस राहते, तितका संसर्गाचा धोका वाढतो. म्हणून ती वेळेवर काढणे हाही उपचारच होय. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली, परंतु जमिनीला न टेकेल अशी ठेवावी, यासारखी बाब क्षुल्लक वाटली तरी परिणामकारक ठरते.

अमेरिकेतील मिशिगन राज्यात २००३ पासून अतिदक्षता विभागांत असाच एक प्रयोग झाला. मोठ्या शिरेत नळी घालताना हात धुणे, संपूर्ण निर्जंतुक आच्छादन वापरणे, क्लोरहेक्सिडिनने त्वचा स्वच्छ करणे, शक्यतो जांघेतील शीर टाळणे आणि अनावश्यक नळी काढून टाकणे, एवढी पाचच पथ्ये होती. पथ्य मोडल्यास डॉक्टरांना थांबविण्याचा अधिकार परिचारिकांना देण्यात आला. अठरा महिन्यांत नळीमुळे होणारा रक्तातील संसर्ग दोन तृतीयांशांनी घटला. यासाठी नवे यंत्र अगर नवे औषध लागले नाही.

प्रतिजैविकांचा विवेक

पेनिसिलिनचे संशोधक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ सालीच इशारा दिला होता की, अपुऱ्या मात्रेमुळे जंतू औषधाला दाद देईनासे होतील. तो खरा ठरला आहे. म्हणून गंभीर संसर्गाची शंका येताच रक्ताचा वा लघवीचा नमुना घ्यावा, विलंब न लावता औषध सुरू करावे आणि दोन-तीन दिवसांनी अहवाल पाहून ते बदलावे, मर्यादित करावे अथवा बंद करावे, असा क्रम तज्ज्ञ सांगतात. सर्दीपडशासारख्या विषाणुजन्य आजारांत या औषधांचा उपयोग होत नाही.

गावाचा वाटा

रुग्णालयाची स्वच्छता ही केवळ डॉक्टरांची बाब नव्हे. नळाला पाणी नसेल तर हात कसे धुणार? रुग्ण कल्याण समितीवरील पंचायत सदस्यांनी अखंड पाणी, साबण, स्वच्छ शौचालये व सफाई कामगारांसाठी हातमोजे यांकडे लक्ष पुरविल्यास मोठे काम साधेल. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार पिवळ्या, लाल, पांढऱ्या व निळ्या पात्रांत कचऱ्याचे वर्गीकरण होते किंवा नाही, हेही पाहता येईल. सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या पात्रातच पडल्या पाहिजेत.

भेटीस जाणाऱ्यांनी गर्दी टाळावी, खाटेवर बसू नये, रुग्णास स्पर्श करण्यापूर्वी व नंतर हात धुवावेत. साबणाने हात धुण्यास चाळीस ते साठ सेकंद पुरतात. शिक्षकांनी ही सवय शाळेतच लावली, तर तीच मुले उद्या डॉक्टर, परिचारिका अगर रुग्णाचे नातलग म्हणून रुग्णालयात ती घेऊन जातील. दाखल झालेला रुग्ण दुसरा आजार न घेता घरी परतावा, ही अपेक्षा फार मोठी नाही. ती पुरी करणे मात्र सर्वांच्या हाती आहे.