पदक मिळाले, नोंद राहिली

सैनिकाच्या गणवेशावरचे पदक सर्वांना दिसते. परंतु शासनाच्या लेखी ते पदक अस्तित्वात येते एका लेखी आदेशाने, आणि टिकते ते त्या आदेशाची नोंद सैनिकाच्या सेवाभिलेखात, म्हणजे भरतीपासून सेवामुक्तीपर्यंतच्या त्याच्या अधिकृत कागदपत्रांच्या संचात, झाली असेल तरच. ही नोंद राहून गेली की रणांगणावर जखमी झालेला माणूसही कार्यालयाच्या दृष्टीने कधी जखमी झालेलाच नसतो. अमेरिकेत दुसरे महायुद्ध, कोरिया आणि व्हिएतनाम येथून परतलेल्या सैनिकांच्या बाबतीत असे इतक्या मोठ्या प्रमाणावर घडले, की अशा नोंदी दुरुस्त करून घेण्यासाठी तेथे कायदा, मंडळे आणि पुराव्याची एक स्वतंत्र पद्धतच उभी राहिली. त्या व्यवस्थेत घेण्यासारखे पुष्कळ आहे. मात्र कागद शासनाच्या ताब्यात असताना हरवला आणि तो शोधून आणण्याचे ओझे सैनिकावर पडले, हा तिच्या मुळाशी असलेला अन्याय दृष्टीआड करता येत नाही.

अमेरिकी सैनिक सेवेतून मुक्त होताना त्याला जे प्रमाणपत्र मिळते ते १९५० पासून ‘डीडी-२१४’ या क्रमांकाने ओळखले जाते. सेवेचा कालावधी, हुद्दा, प्रशिक्षण आणि पदके यांचा तो सारांश असून पुढे निवृत्त सैनिकाच्या आयुष्यात उपचार, घरकर्ज, नोकरीतील प्राधान्य किंवा लष्करी इतमामातील दफन असा कोणताही प्रश्न आला की प्रथम हाच कागद मागितला जातो. त्याआधीच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातील, भूदलाच्या जवानांना याच कामासाठी वेगळा नमुना मिळत असे. त्यात लढाया व मोहिमा, सन्मान व गौरव आणि युद्धात झालेल्या जखमा यांसाठी स्वतंत्र चौकटी होत्या. १९४५ च्या उत्तरार्धात लाखो जवान एकाच वेळी घरी पाठवले जात असताना सेवामुक्ती केंद्रांतील कारकून या चौकटी हाताशी असलेल्या कागदांवरून टंकलिखित करीत. युनिटचा आदेश तोवर येऊन पोचलेला नसला किंवा रुग्णालयाचा कागद मागे राहिला असला, तर चौकटीत ‘काही नाही’ असे उमटे आणि घराच्या ओढीने रांगेत उभा असलेला जवान त्यावर सही करून मोकळा होई.

कारकुनाची चूक हे सर्वांना सुचणारे कारण झाले. पण कित्येक पदके सेवाभिलेखात नसण्याचे खरे कारण असे, की सैनिक घरी गेला त्या दिवशी ते पदक त्याचे झालेलेच नव्हते. ‘ब्राँझ स्टार’ हे पदक १९४४ मध्ये सुरू झाले. पायदळातील जे जवान प्रत्यक्ष लढले त्यांना ‘कॉम्बॅट इन्फन्ट्रीमन बॅज’ हे निळ्या पट्टीवर बंदूक असलेले चिन्ह मिळत असे, आणि महायुद्धात हे चिन्ह मिळवणारा प्रत्येक जवान ब्राँझ स्टारलाही पात्र आहे, असा निर्णय लष्कराने १९४७ मध्ये घेतला. तोपर्यंत यांतील बहुतेक जण शेतावर किंवा कारखान्यात कामाला लागले होते आणि या निर्णयाची वार्ता त्यांतील अनेकांपर्यंत कधीच पोचली नाही. त्यांच्या सेवामुक्तीच्या कागदावर हे चिन्ह बहुधा सन्मानांच्या चौकटीत नसून तिच्या वरच्या, नेमबाजीसारख्या लष्करी पात्रता नोंदवण्याच्या चौकटीत सापडते; त्यामुळे आजोबांचा कागद चाळणाऱ्या नातवाला तेथे एका मोठ्या सन्मानाचा पुरावा आहे हे उमगत नाही. व्हिएतनामच्या बाबतीतही हेच झाले. तेथील अमेरिकी भूदलाच्या तुकड्यांना दक्षिण व्हिएतनाम सरकारने दिलेल्या सामूहिक शौर्यगौरवाचा सर्वसाधारण आदेश १९७४ मध्ये निघाला, तेव्हा त्यातील असंख्य जवान सेवेबाहेर पडून वर्षे लोटली होती. युद्धकैद्यांसाठीचे पदक तर १९८५ मध्ये निर्माण झाले आणि ते १९१७ पासूनच्या युद्धकैद्यांना पूर्वलक्षी पद्धतीने लागू करण्यात आले. अशा पदकांची नोंद आपोआप होत नाही. कोणीतरी मागावी लागते.

मागणी केली तरी ती पडताळायची कशावरून, हा प्रश्न १२ जुलै १९७३ नंतर फार बिकट झाला. मिसुरी राज्यात सेंट लुईस शहरालगत असलेल्या राष्ट्रीय कार्मिक अभिलेख केंद्राच्या सहाव्या मजल्याला त्या रात्री आग लागली. त्या मजल्यावर पाणी फवारणारी स्वयंचलित यंत्रणा नव्हती. आग चार दिवसांनी पूर्णपणे विझली तेव्हा सुमारे १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख सैनिकांचे संच नष्ट झाले होते. नोव्हेंबर १९१२ ते जानेवारी १९६० या काळात सेवामुक्त झालेल्या भूदलाच्या सैनिकांचे ८० टक्के, आणि सप्टेंबर १९४७ ते जानेवारी १९६४ या काळातील हवाई दलाचे, आडनावांच्या वर्णक्रमात एका ठरावीक नावापुढचे, ७५ टक्के अभिलेख गेले. त्यांच्या दुसऱ्या प्रती नव्हत्या, सूक्ष्मपटावर चित्रण झालेले नव्हते, आणि नेमके काय जळले हे सांगणारी सूचीही नव्हती. भिजलेले कागद विमाननिर्मिती करणाऱ्या एका कंपनीच्या निर्वात कक्षात वाळवून सुमारे ६५ लाख संच अंशतः वाचवण्यात आले. कडा करपलेले ते कागद आजही हातमोजे घालून, एकेक पान सुटे करून वाचले जातात. इतका अमूल्य ठेवा एकाच छपराखाली, एकाच प्रतीत ठेवणे हा प्रशासकीय निष्काळजीपणा होता, आणि त्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांचा त्यात काडीचाही दोष नव्हता.

मूळ संच नसला तरी वाटा बंद होत नाहीत, कारण लष्कर एकच घटना अनेक ठिकाणी लिहून ठेवते. यातील सर्वांत मोलाचा कागद म्हणजे कंपनीचा ‘मॉर्निंग रिपोर्ट’. प्रत्येक कंपनी रोज सकाळी आपल्या मनुष्यबळातील बदल एका पानावर लिहीत असे, आणि बदल झालेल्या जवानाचे नाव, सेवाक्रमांक, हुद्दा व त्याखाली आखूड संक्षेपांत एक ओळ टंकलेली असे: कर्तव्यावरून रुग्णालयात, युद्धात किरकोळ जखमी, अमुक तारीख. हे अहवाल वैयक्तिक संचात नसल्यामुळे आणि सूक्ष्मपटावर उतरवलेले असल्यामुळे उरले. ‘पर्पल हार्ट’ हे जखमी सैनिकांचे पदक कोणाच्या शिफारशीने मिळत नाही. शत्रूच्या कारवाईत जखम झाली, तिच्यावर वैद्यकीय उपचार करावे लागले आणि त्या उपचारांची अधिकृत नोंद झाली, एवढे सिद्ध झाले की तो सैनिकाचा हक्क ठरतो. म्हणूनच ती एक ओळ निर्णायक असते. तिच्या जोडीला लष्करी रुग्णालयांत दाखल झालेल्यांच्या सुमारे एक कोटी नोंदी असलेल्या संगणकफितीही उपयोगी पडतात. १९४२ ते १९४५ आणि १९५० ते १९५४ या काळातील या नोंदी आकडेवारीच्या कामासाठी तयार झाल्या होत्या आणि त्यांचे हे मोल १९८८ नंतर लक्षात आले. अखेरच्या वेतनाची पावती, निवृत्त सैनिकांच्या कल्याण विभागाकडील जुना दावा, युनिटचे सर्वसाधारण आदेश, सोबत्यांची प्रतिज्ञापत्रे आणि त्या काळात घरी आलेली पत्रे यांतूनही संच पुन्हा उभा केला जातो.

प्रक्रियेची पहिली पायरी साधी आहे. सैनिक किंवा, तो हयात नसल्यास, त्याचा जवळचा वारस सेवाभिलेखाची प्रत मागवतो आणि पदकाचा हक्क कागदांवरून उघड दिसत असेल तर संबंधित दलाचे कार्यालयच ‘डीडी-२१५’ नावाचे दुरुस्तीपत्र काढते. मूळ प्रमाणपत्र बदलले जात नाही. त्याला जोडपत्र लागते. जेथे कार्यालय नकार देते किंवा पुरावा वादग्रस्त असतो, तेथे प्रकरण सैनिकी अभिलेख दुरुस्ती मंडळापुढे जाते. १९४६ पूर्वी अशा एकेका सैनिकासाठी अमेरिकी काँग्रेसला स्वतंत्र विधेयक मंजूर करावे लागे. त्या वर्षीच्या कायद्याने हे काम दलांच्या मंत्र्यांकडे सोपवले आणि त्यांनी ते नागरी सदस्यांच्या मंडळांमार्फत करावे असे ठरवले. मंडळाच्या सदस्यांनी गणवेशधारी नसावे, ही तरतूद फार शहाणपणाची आहे, कारण ज्या दलाने चूक केली त्याच दलाच्या शिस्तीत वाढलेल्या अधिकाऱ्यांकडून त्या चुकीचा निवाडा तटस्थपणे होणे कठीण असते. मंडळ ‘चूक’ किंवा ‘अन्याय’ दूर करू शकते, आणि अर्जाला शुल्क नाही.

अडचण पुराव्याच्या गृहीतकात आहे. लष्कराने आपले कागद नियमानुसारच केले असतील असे मंडळ धरून चालते आणि ते खोडून काढण्याची जबाबदारी अर्जदारावर टाकते. बनावट पदके मिरवणाऱ्यांचा उपद्रव तेथे खरा आहे, इतका की लाभासाठी खोट्या पदकाचा दावा करणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरले. त्यामुळे कसून तपासणी हवीच. परंतु ज्याचा संच सरकारी इमारतीत जळाला त्यालाही हेच गृहीतक त्याच कडकपणे लावणे न्याय्य नाही. दुसरी अडचण मुदतीची. चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांत अर्ज करावा असा कायदा आहे; न्यायाच्या हितासाठी मंडळ ती माफ करू शकते, पण माफी मंडळाच्या मर्जीवर राहते.

ही मुदत किती छळू शकते हे केंटकी राज्यातील गार्लिन कॉनर यांच्या प्रकरणात दिसले. त्यांचे प्रकरण सुटलेल्या नोंदीचे नव्हे, तर मिळालेले पदक वरच्या दर्जाचे व्हावे या मागणीचे होते. पण दार तेच होते. २४ जानेवारी १९४५ रोजी फ्रान्समधील हूसेन गावाजवळ हा लेफ्टनंट टेलिफोनची तार ओढत आपल्या फळीच्या पुढे धावला आणि एका उथळ खळग्यात पडून जवळपास तीन तास तोफखान्याला मारा कोठे करायचा ते सांगत राहिला. शत्रू अंगावर आला तेव्हा त्याने मारा स्वतःच्याच जागेवर मागितला. कॉनर १९९८ मध्ये वारले. मंडळाने अर्ज फेटाळले, पुढे प्रत्यक्षदर्शींचे नवे जबाब सापडले, तरी २०१४ मध्ये संघीय न्यायालयाने त्यांच्या पत्नीला उशीर झाल्याचे सांगितले. अपिलानंतर २०१५ मध्ये मंडळाने मत बदलले आणि २६ जून २०१८ रोजी ‘मेडल ऑफ ऑनर’ हा सर्वोच्च सन्मान त्यांच्या पत्नीच्या हाती देण्यात आला. या उशिराचा दोष त्या पत्नीकडे कोणत्याही अर्थाने जात नव्हता.

नोंदीचा प्रश्न केवळ अभिमानाचा नाही. पर्पल हार्टची नोंद असलेल्या सैनिकाला शासकीय उपचारांत वरचे प्राधान्य मिळते, आणि आर्लिंग्टन येथील राष्ट्रीय दफनभूमीत जागेचा हक्कही त्या नोंदीने येतो. प्रत्यक्ष लढाईचे चिन्ह कागदावर असेल तर युद्धाच्या मानसिक आघाताचा दावा करताना तो प्रसंग वेगळा सिद्ध करावा लागत नाही.

भारतातील रचना वेगळी असली तरी तत्त्व तेच आहे. शौर्यपदके भारताच्या राजपत्रात जाहीर होतात. इतर नोंदी युनिटने काढलेल्या ‘पार्ट टू ऑर्डर’वरून रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात चढतात, आणि निवृत्तीच्या वेळी त्यांचा गोषवारा डिस्चार्ज बुकात उतरतो. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान बेळगावच्या, तर महार रेजिमेंटचे जवान सागरच्या रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करतात. कागदपत्रांच्या कामी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत मिळते. शौर्यपदकधारकांना महाराष्ट्र शासन रोख अनुदान देते, त्यामुळे नोंद नसणे म्हणजे हक्काचे पैसे बुडणे असाही अर्थ येथे होतो. ज्या घरांत १९६२, १९६५ किंवा १९७१ च्या युद्धातला जवान आहे वा होऊन गेला, त्या घरांनी डिस्चार्ज बुकातील पदकांचे पान काढून ते घरातल्या पदकांशी आणि त्याच्या युनिटच्या युद्धक्षेत्राशी ताडून पाहावे. तफावत आढळली तर रेकॉर्ड ऑफिसला सेवाक्रमांकासह लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच जपून ठेवावी. त्याच्या बरोबरीने लढलेला कोणी हयात असेल तर त्याचे प्रतिज्ञापत्र सर्वांत आधी करून घ्यावे, कारण कार्यालयातला कागद दहा वर्षांनीही सापडू शकतो, साक्षीदार मात्र थांबत नाही.