मगरींच्या ओढ्याकाठी सायकलवरून

कैसारियाच्या किनाऱ्यावरील रोमन जलसेतूपासून आम्ही सायकलींवर उत्तरेस निघालो. भुसभुशीत वाळूत चाके रुतत. तेथे उतरून सायकली ढकलाव्या लागल्या. पुढे नहल तानिनीम, अर्थात मगरींचा ओढा, समुद्रास मिळतो. येथील कबारा दलदलीत हिवताप माजे. म्हणून १९२० च्या दशकात ती कोरडी करण्यास आरंभ झाला. मगरीही राहिल्या नाहीत. उरलेला ओढाकाठ आज राखीव आहे. तो पाहताच आमच्यातील वडीलधाऱ्यांस अलिबागकडील खाडी आठवली. येथेच जन्मलेल्या मुलांनी विचारले, “खाडी म्हणजे काय?” वाचकहो, सांगणारे आहेत तोवरच मुलांस तेथे न्यावे. मात्र पावसानंतरचा चिखल टाळावा आणि आखलेली वाट सोडू नये.