राजगिरा आणि कोलेस्टेरॉलचं नातं

एकादशी जवळ आली की वैजापूरच्या किराणा दुकानांत राजगिऱ्याचे लाडू आणि पीठ हमखास पुढे मांडलं जातं. पण अलीकडे उपासाच्या या पदार्थाला औषधाचा मान मिळाला आहे. घरात कुणाच्या रक्ताच्या रिपोर्टात कोलेस्टेरॉल वाढलेलं दिसलं की शेजारची वहिनी सांगणारच, "गोळ्या बंद करा, भाऊजींना रोज राजगिरा द्या. त्यात स्क्वालीन असतं!"

स्क्वालीन असतं, हे खरं. पण ते आहे तरी काय, हे ऐकलंत तर गंमत वाटेल. १९०६ मध्ये जपानच्या त्सुजिमोतो यांना ते शार्क माशाच्या यकृताच्या तेलात आढळलं. कार्बनचे ३० अणू नि हायड्रोजनचे ५० अशी ही लांबलचक साखळी. आपल्याही यकृतात ती रोज तयार होते. तिथे तिला ऑक्सिजनचा एक अणू जोडला जातो, मग साखळी स्वतःभोवतीच दुमडते आणि चार कड्यांचा लॅनोस्टेरॉल हा पदार्थ बनतो. त्यापुढे बऱ्याच पायऱ्यांनी होतं कोलेस्टेरॉल! ही वाट उलगडणाऱ्या कोनराड ब्लॉख यांना १९६४ चं नोबेल विभागून मिळालं.

म्हणजे ज्याला आपण कोलेस्टेरॉलचा वैरी समजतो, तो त्याचा पूर्वजच निघाला की! आणि कोलेस्टेरॉलही काही निव्वळ विष नव्हे, बरं का. पित्तातली आम्लं आणि पाळी-गरोदरपण सांभाळणारे हार्मोन्स त्याच्यापासूनच बनतात. वाईट ते त्याचं रक्तात वाढणं.

आता हिशेब करू. १०० ग्रॅम राजगिऱ्यात तेल साधारण ६-७ ग्रॅम, आणि त्यात स्क्वालीन अर्ध्या ग्रॅमहूनही कमी. एका लाडवात ते कितीसं येणार? उलट डॉक्टर देतात त्या स्टॅटिन गोळ्या यकृतात स्क्वालीन तयार होण्याच्या आधीचीच एक पायरी अडवतात. ते काम राजगिरा करू शकत नाही. तेव्हा शेजारणीच्या सांगण्यावरून यजमानांच्या गोळ्या परस्पर बंद करू नका.

राजगिरा जरूर खा. त्यात प्रथिनं, लोह, कॅल्शियम आहे. मधुमेह असेल तर गुळाचा लाडू मात्र जपून. आणि पीठ एकदम किलोभर दळून ठेवू नका. त्यातल्या तेलामुळे उन्हाळ्यात ते लवकर खवट होतं.