सामाजिक उत्तरदायित्व आणि शाश्वतता मानांकन
रायपूरचा तेलीबांधा तलाव ‘मरीन ड्राइव्ह’ या नावाने परिचित आहे. एखाद्या कंपनीने अशा तलावाकाठी वृक्ष लावल्यास ते सामाजिक उत्तरदायित्व ठरते. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार पात्र कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम अशा कार्यांवर खर्च करावयाची असते. तथापि, सिलतरा येथील स्वतःच्या कारखान्याच्या धुराड्यावर धूळनियंत्रण यंत्रणा बसविणे त्यात मोडत नाही. ते व्यवसायाचे नित्य कर्तव्य होय. शाश्वतता मानांकनात मात्र धूर, पाणी, कामगारांची सुरक्षितता व कारभार यांची पारख होते. मानांकन संस्थांवर २०२३ पासून सेबीचे नियमन आहे. म्हणून नफा कोठे खर्च झाला याबरोबरच तो कसा मिळविला, हेही गुंतवणूकदाराने पाहावे.