हाडांना टेकडी पुरत नाही

डेक्सा तपासणीत हाडं ठिसूळ निघाली की पुण्यात सल्ला ठरलेला असतो: उद्यापासून टेकडी सुरू करा. तळजाई, हनुमान टेकडी, नाहीतर पर्वतीच्या पायऱ्या. सल्ला वाईट नाही. हृदयाला आणि साखरेला टेकडी मानवतेच. पण रोज तेवढंच चालणाऱ्याच्या हाडाला त्या चालण्याची सवय झालेली असते, आणि सवयीच्या कामासाठी हाड नव्याने भरत नाही.

हाड भार ओळखतं आणि त्याप्रमाणे स्वतःला घडवतं, हे जर्मन शल्यचिकित्सक ज्युलियस वुल्फ यांनी १८९२ मध्येच मांडलं होतं. भार गेला की हाडही जातं: अंतराळवीरांच्या खुब्याची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटते. म्हणूनच पोहण्याने आणि, एकेकाळच्या सायकलींच्या शहराला हे रुचणार नाही, सायकलिंगने दम वाढतो, पण हाडाला फारसं काही मिळत नाही. शरीराचं वजन तिथे पाणी किंवा सीट उचलून धरते.

ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठाने पाळी गेलेल्या, हाडं विरळ झालेल्या १०१ स्त्रियांवर केलेला अभ्यास २०१८ मध्ये छापून आला. निम्म्या जणींनी आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धाच तास, प्रशिक्षकासमोर चांगली जड वजनं उचलली. त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सुमारे तीन टक्क्यांनी वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची एक टक्क्याने घटली. पहिले काही आठवडे मात्र वजन नाममात्र होतं, आधी पाठ कशी ठेवायची ते शिकवलं गेलं.

सगळी मेख त्या पाठीत आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने १९८४ मध्ये मणके ठिसूळ झालेल्या स्त्रियांचे गट पाहिले. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी ८९ टक्के जणींच्या मणक्यांना नव्याने इजा झाली, पाठ मागे ताणणाऱ्यांपैकी १६ टक्के. गट लहान होते, तरी इशारा पुरेसा आहे. सूर्यनमस्कारांवर वाढलेल्या शहरात हे सांगणं धाडसाचंच, पण मणका विरळ असेल तर पाठ गोल करून पायाचे अंगठे धरणं, पश्चिमोत्तानासन, हलासन, पोटासाठीचे क्रंचेस बंद. योग सोडायचं कारण नाही. बी. के. एस. अय्यंगार यांनी खुर्ची, पट्टे, लाकडी विटा, भिंतीचे दोर वापरायला शिकवलं, ते आसनं न झेपणाऱ्या शरीरांसाठीच. मॉडेल कॉलनीतली त्यांची संस्था १९७५ पासून उभी आहे. वर्ग कुठलाही असो, डेक्साचा अहवाल शिक्षकांना आधी दाखवावा.

घरी सुरुवात करायची तर भिंतीला टेकवलेली, हात नसलेली खुर्ची घ्या. हातांचा आधार न घेता उठा, सावकाश बसा. आठ-दहा वेळा सहज जमलं की नातवाचं दप्तर छातीशी धरा आणि त्यात तूरडाळीचं एक किलोचं पाकीट टाका. दोन-तीन आठवड्यांनी दुसरं. पिशवी उचलताना ताठ पाठीने खुब्यातून झुकायचं, गुडघे थोडे मोडून, पिशवी पायांजवळ. श्वास कोंडायचा नाही. ओट्याला धरून टाचा उचलायच्या आणि पटकन खाली टेकवायच्या. चहा उकळेपर्यंत एका पायावर उभं राहायचं, एक हात ओट्यावर. मध्ये एक-दोन दिवस विश्रांती द्यावी; सलग तोच ताण दिला की हाडाच्या पेशी दाद देईनाशा होतात.

डेक्साच्या अहवालातला हाडांच्या घनतेचा आकडा, म्हणजे टी-स्कोर, उणे अडीच किंवा त्याखाली असेल, मनगट, खुबा किंवा मणका आधीच मोडला असेल, उंची घटली असेल किंवा पाठीत अचानक कळ आली असेल, तर आधी डॉक्टर. अशांपैकी अनेकांना औषधं लागतातच, व्यायाम त्यांच्या जोडीने चालतो. चालू असलेलं औषध मनाने सोडू नये. काही इंजेक्शनं मध्येच थांबवली की हाडं झपाट्याने विरळ होतात आणि मणके मोडू शकतात.

आणि सहा महिन्यांत पुन्हा डेक्सा करायची घाई नको. जुनं हाड झिजून नवं भरायलाच काही महिने जातात. वर्ष-दोन वर्षांनी, शक्यतो त्याच यंत्रावर करावी. यंत्र बदललं की आकडे नीट जुळत नाहीत.