मोठी तबकडी, छोटी तबकडी

गावच्या भजनी मंडळाचा कार्यक्रम किंवा शाळेचे स्नेहसंमेलन ज्या डीव्हीडीवर साठवले आहे, ती आज कुठे आहे? कपाटात असेल, तर एकदा काढून पाहाच. ओरखडा उठला की तीवरचा आवाज गेला, आणि गाणारी माणसे पुन्हा मिळतीलच असे नाही.

आपल्या मुळशी तालुक्याचेच उदाहरण घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी मुळशीत आणि पुढे महाराष्ट्रभर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या, त्यांतल्या कितीतरी गळ्यासकट ध्वनिमुद्रित झाल्या. गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली. पण ओव्या राहिल्या. २०१७ पासून ‘पारी’च्या संकेतस्थळावर त्या ऐकायलाही मिळू लागल्या. का? तर जुन्या साधनावरून नव्या साधनावर त्यांची वेळेवर नक्कल झाली म्हणून.

आता अडचण काय ती पाहू. काही डीव्हीडी दुपदरी असतात. लेसरचा किरण आधी एक पदर वाचतो, मग नेम थोडा खोल नेऊन दुसरा. अशा तबकडीत सुमारे ८.५ जीबी मजकूर मावतो. कोरी, एकपदरी तबकडी मात्र ४.७ जीबीची. म्हणजे पायलीभर धान्य अधोलीत भरायचे! संगणक तिचीच जागा ४.३८ दाखवतो, तेव्हा घाबरू नका. तो हजाराऐवजी १०२४ च्या पटीने मोजतो, एवढेच.

यावर तीन उपाय आहेत.

पहिला, पाखडणे. मूळ गाण्याखेरीज सूची, मुलाखती, जादा ध्वनिपट्टे असतात. नको ते काढा. दोन तासांचा न दाबलेला दुहेरी ध्वनिपट्टा एकटाच सुमारे १.४ जीबी खातो. एकच कार्यक्रम दोन ध्वनिपट्ट्यांत असेल, तर चांगला ऐकू येणारा एकच ठेवा.

दुसरा, वाटणी. मध्यंतरापाशी कार्यक्रम तोडून दोन तबकड्यांवर घ्या. चित्र जसेच्या तसे राहते. गाण्यासाठी हाच उपाय बरा.

तिसरा, दाबून बसवणे. डीव्हीडीत प्रत्येक चित्र पुरे लिहिलेले नसते. बरेचदा आधीच्या चित्रात काय बदलले तेवढेच लिहितात. बैठकीत बसून गाणाऱ्या गायकाचे चित्र म्हणूनच दाबले तरी फारसे बिघडत नाही. लेझीम दाबली, की चौकोन चौकोन दिसू लागतात. ४.७ जीबीत दोन तास बसवायचे, तर ध्वनी धरून सेकंदाला सुमारे ५२ लाख बिट मिळतात. तीन तास बसवले, तर जेमतेम ३५ लाख. हा भागाकार आधीच मांडा.

नक्कल झाली म्हणजे काम संपले असे नाही. लिहिणे पुरे झाल्यावर तबकडी ‘फायनलाइझ’ करा, नाहीतर दुसऱ्या यंत्रात ती वाचली न जाण्याची शक्यता असते. मग ती शेवटपर्यंत चालवून पाहा. लिहिता येणाऱ्या तबकडीत रंगाचा पातळ थर असतो. ऊन त्याचा शत्रू. कागद चिकटवू नका, कडेला धरा, उभी ठेवा. आणि दाबलेली प्रत झाली म्हणून मूळ तबकडी टाकून देऊ नका. दाबताना गेलेला तपशील परत येत नाही.

आजच्या पुष्कळ संगणकांत तबकडीचा खण नसतो. बाहेरून जोडायचा खण मिळतो, तोवर हे काम उरका. शिक्षकांनी तर न दाबलेली एक पूर्ण प्रत हार्ड डिस्कवर घ्यावी आणि ती दुसऱ्याच घरी ठेवावी. एका छपराखालची दोन्ही बियाणी एकाच पावसात भिजतात.

एक सांगायचे राहिले. हे सारे आपल्या स्वतःच्या मुद्रणाबद्दल, किंवा ज्याचे गाणे त्याच्या परवानगीने. विकतच्या तबकडीच्या नकला काढून वाटणे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात बसत नाही.

तेव्हा येत्या सुटीत कपाट उघडा. प्रत्येक तबकडीवर गाव, साल आणि गाणाऱ्यांची नावे आहेत का पाहा. नसतील, तर जाणती माणसे आहेत तोवर त्यांना विचारून पाकिटावर लिहून ठेवा. आवाज यंत्र जपील. तो कुणाचा, हे आपणच जपायचे.