सर्टिफिकेटवर काय नसतं?

घरातली जुनी डिग्री सर्टिफिकेट्स काढून वरचं विद्यापीठाचं नाव वाचा. १९५८ च्या आधीचं असेल तर बहुतेक हैदराबादचं उस्मानिया. मराठवाड्यातली कॉलेजेस तेव्हा त्यालाच जोडलेली होती. २३ ऑगस्ट १९५८ ला तेव्हाच्या औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला, पण नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला!

या तारखा सरकारदरबारी सापडतात. पण मधल्या साडेपंधरा वर्षांत होस्टेलच्या रूमवर काय बोलणं व्हायचं, मोर्चाला कोण गेलं, कोणाचं वर्ष बुडालं, हे पत्रकं, डायऱ्या, फोटो आणि कॉलेजच्या अंकांतच उरतं. म्हणून परळीच्या आपल्या होस्टेलवरही मी एवढंच सांगते, वर्ष संपताना मेसची वही, नोटिसा रद्दीत घालू नका. गॅदरिंगच्या फोटोमागे नावं, तारीख लिहा आणि लायब्ररीत द्या.